पांढरे बगळे ओळखताना आधी पाय, मग जिवणी

पाणथळ जागी चार-पाच पांढरे बगळे दिसले की बहुतेक जण चोचीचा रंग बघून नाव ठरवतात. तिथेच चुकतं. लहान, मध्यम आणि मोठा बगळा या तीन वेगळ्या जाती आहेत. मध्यम आणि मोठ्या बगळ्याची एरवी पिवळी असलेली चोच विणीच्या दिवसांत काळी होते. पावसाळ्यात 'काळी चोच, म्हणजे लहान बगळा' अशी नोंद करून मोकळं होऊ नये.

ऊन पाठीशी घेऊन उभे राहा. 8×42ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. पहिली नजर पायांवर टाका. पाय काळे, बोटं पिवळी आणि चोच काळी असेल तर लहान बगळा. अडचण एवढीच की तो चिखलात उभा असतो. बोटं बुडालेली असतात किंवा चिखल लागून काळीच दिसतात. अशा वेळी थांबायचं. उडाला की पाय शेपटीमागे ताणले जातात आणि पिवळी बोटं स्वच्छ दिसतात. पाय थरथरवत, चिखल ढवळत मासे उठवणारा बगळाही बहुधा हाच.

बोटंही काळी असतील तर प्रश्न उरतो मध्यम की मोठा. इथे जिवणीची रेघ बघा, म्हणजे चोचीच्या फटीपासून गालावर जाणारी बारीक रेघ. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यममध्ये डोळ्याखालीच थांबते. पक्षी अगदी बाजूने दिसायला हवा. मान तिरकी असेल तर रेघ आखूड भासते. लांबून फोटो काढून मोठा करून बघणं सोपं, पण उन्हात फोटोतली पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक होतात, आणि रेघही त्यातच जाते. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक पायरी खाली आणा. जोडीला मान बघा. मोठ्याच्या लांब मानेत ठळक बाक असतो. मध्यमचं डोकं गोलसर, चोच आखूड. मोठा साधारण 90 ते 100 सेंमी, मध्यम 65 ते 70, लहान 60च्या आसपास. पण एकट्या बगळ्याच्या उंचीचा अंदाज करू नका, शेजारी दुसरा पक्षी असेल तरच आकाराला अर्थ आहे.

गायबगळ्याला एवढी झटापट लागत नाही. गुरांच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा, आखूड पिवळ्या चोचीचा, हनुवटी फुगीर दिसणारा. विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठीवर नारिंगी छटा येते. बसलेला मातकट आणि उडताच पांढरा होणारा पक्षी मात्र वंचक, त्याला या यादीत धरू नका.

खरी डोकेदुखी कोकण-गोव्याच्या खाड्यांवर. समुद्र बगळ्याचा राखाडी प्रकार पांढऱ्या गळ्यामुळे लगेच कळतो, पांढरा प्रकार मात्र लहान बगळ्यासारखाच दिसतो. त्याची चोच जाडसर आणि तपकिरी-पिवळट, पाय हिरवट-तपकिरी. लहान बगळ्याच्या पिल्लांची चोच आणि पायही फिके असतात, म्हणून रंगापेक्षा चोचीच्या जाडीवर भर द्या. तरीही ठरत नसेल तर नुसतं 'बगळा' लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जात न ठरवता नोंद करायची सोय आहे.