रजेवर आलेल्या फौजीशी युद्धाबद्दल बोलायचे असेल तर

नाशिकला लष्कर नवे नाही. नाशिकरोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, ओझरला लढाऊ विमाने बांधली जातात, आणि रेंजवर सराव सुरू असला की आजूबाजूच्या वस्त्यांतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. तरीही याच शहरात रजेवर आलेल्या फौजीला पहिल्या दोन दिवसांत विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘काय मग, किती जणांना उडवलंस?’ मी तोफखान्यात सतरा वर्षे काढली, १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल युद्धाच्या वेळी द्रास भागात होतो, आणि हा प्रश्न मला सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर गोदाघाटावर दशक्रियेला जमलेल्या मंडळींतही विचारला गेला. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी पाहिलेले युद्ध आणि मी केलेले काम यांची कुठे गाठच पडत नव्हती. ती कशी पडावी, हे घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि दर जुलैत आमच्यासारख्यांना व्यासपीठावर बसवणाऱ्या मंडळांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि तीही एकदम किंवा हवी तेव्हा मिळेलच असे नाही. आलेला माणूस दोन रात्री रेल्वेत काढून आलेला असतो आणि त्याच्यापुढे बँक, सातबारा, मुलांची शाळा, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन अशी कामे वाट पाहत असतात. द्राक्षवाल्या घरातला असेल आणि ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आला असेल, तर त्याच्या डोक्यात सीमा नसते, मजुरांची टोळी असते. त्याच्याशी आधी तेच बोलावे. युद्धाचा विषय निघायचा असेल तर तो अशाच एखाद्या कामाच्या मध्येच निघतो. त्यासाठी खुर्च्या मांडून बसलो की हमखास निघत नाही.

‘किती जणांना’ हा प्रश्न का विचारू नये, याला सभ्यतेपलीकडचेही एक कारण आहे : बहुतेकांना त्याचे उत्तर खरोखरच माहीत नसते. तोफखान्यातल्या माणसाला तर नसतेच. बोफोर्स तोफेचे लक्ष्य बहुधा डोंगरापलीकडे, कित्येक किलोमीटर दूर असते. ते दिसते उंचावरच्या निरीक्षण चौकीतल्या, म्हणजे ओपीवरच्या, मूठभर माणसांना. तेथून रेडिओवर माहिती येते, तिचा हिशेब होतो आणि तोफेपाशी पोचतात ते फक्त आकडे : दिशा, कोन, चार्ज (गोळा फेकणाऱ्या दारूचे माप), राउंड (किती गोळे). तोफेवरच्या गड्याला दिसते ती नळी, पुढच्या माणसाची पाठ आणि आभाळ. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा हलका. तो दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, जिथे नुसता चढ चढताना धाप लागते तिथे, दिवसरात्र उचलायचा. शिखरांवर बसलेल्या शत्रूला श्रीनगर-लेह रस्ता दिसत होता, म्हणून दारूगोळ्याचे ट्रक रात्री दिवे न लावता यायचे आणि ते अंधारातच रिकामे करायचे. टीव्हीवर नाशिकच्या लोकांनी पाहिले ते तोफ मागे झटका खाते ते पाच सेकंद. त्याच्या आधीचे आणि नंतरचे तास कुणी दाखवले नाहीत, आणि दाखवले असते तर कुणी बघत बसले नसते, कारण ते दिसायला हमालीसारखेच होते.

म्हणून प्रश्न कामाबद्दल विचारावा. कारगिलहून परतल्यावर माझ्याशी सर्वांत चांगले कोण बोलले असेल, तर शेजारच्या मावशी. त्यांनी विचारले, ‘अरे, एवढ्या उंचावर भात शिजतो तरी का रे?’ मी म्हणालो, उघड्या पातेल्यात नाही शिजत मावशी, तिथे पाणी लवकर उकळते पण तितके तापत नाही, कुकर लागतो. त्यावरून लंगरच्या आचाऱ्याची आठवण निघाली. त्यानंतर आमच्या तोफेवरच्या एका तमिळ गड्याची निघाली, जो गोळा उचलताना ‘ओण्णु, रेण्डु, मूणु’ असे आकडे मोजायचा आणि ज्याच्या नादाने पंधरा दिवसांत आम्ही सगळेच तमिळमध्ये मोजायला लागलो होतो. पुढे तो गडी कुठे गेला आणि त्याच्या घरी मी पत्र कसे लिहिले, हेही मावशींना सांगून झाले. एका भातावरून दीड तास गेला. झोपायचात कुठे, अंघोळ किती दिवसांनी, पत्र किती दिवसांनी मिळायचे, शेजारच्या बंकरमध्ये कोणत्या गावची मुले होती, असे प्रश्न साधे वाटतात, पण त्यांना खरे उत्तर देता येते आणि माणूस त्यातून स्वतःला झेपेल तितकाच पुढे जातो. तो मध्येच थांबला तर थांबू द्यावे. त्या शांततेत टीव्हीवर ऐकलेली माहिती भरू नये.

राजकारणाचा निवाडा त्याच्याकडून करून घेऊ नये. १९९९ मध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सरकारचा आदेश होता, आणि ‘तुम्ही लोक पुढे का नाही गेलात?’ असे मला कट्ट्यावरच्या एका काकांनी असे विचारले, जणू मी सुट्टे पैसे आणायला विसरलो होतो. मे २०२५ मध्येही हेच दिसले. ऑपरेशन सिंदूरच्या त्या रात्रींत काही वाहिन्यांनी न झालेले हल्ले झाल्याचे सांगितले, कराची बंदर उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या चालवल्या, आणि त्या ऐकून लोक सीमेवर असलेल्या मुलांना ‘काय रे, खरं का?’ असे मेसेज करत होते. आपण कुठे आहोत, कोणती पलटण कुठे हलली, हे त्याने सांगायचे नसते. विचारणाऱ्याने त्याला त्या अडचणीत पाडू नये. त्याचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून गटावर टाकणे तर पूर्ण टाळावे. सेवेत असलेल्या सैनिकाला लष्करी विषयावर जाहीरपणे बोलायला आधी परवानगी घ्यावी लागते, आणि तुमच्या कौतुकाची चौकशी त्याला पलटणीत भोगावी लागू शकते.

याच कारणाने २६ जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिनाच्या, कार्यक्रमाला वक्ता म्हणून निवृत्त माणूस बोलवावा. बोलावताना तो कोणत्या विभागात होता हे आधी त्याच्याकडूनच समजून घ्यावे. ड्रायव्हर, सिग्नलवाला, आचारी, नर्सिंग असिस्टंट हेही फौजीच असतात, आणि दारूगोळ्याचा ट्रक अंधारात चालवणाऱ्याची गोष्ट मुलांना मी सांगतो त्याहून अधिक आवडेल. शिवाय परिचय त्याला आदल्या दिवशी वाचून दाखवावा. एका मंडळाने माझा परिचय ‘टायगर हिलवर तिरंगा फडकवणारे’ असा करून दिला होता. टायगर हिलवर चढले ते पायदळाचे जवान, त्यातले काही परत आले नाहीत, आणि मी खाली तोफेवर होतो. दोनशे मुलांसमोर सूत्रसंचालकाला खोटे कसे पाडायचे म्हणून मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे मला अजून टोचते. सांगण्यासारखे खरे तितकेच चांगले होते : द्रासमधल्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये तोफखान्याच्या कामगिरीसाठी ‘गन हिल’ असे नाव दिले गेले.

त्याच कार्यक्रमात स्वागताला व्यासपीठामागे फटाक्यांची माळ लावली होती. मी दचकलो नाही, पण मन आपोआप आवाजांमधले अंतर मोजू लागले आणि पुढची दहा मिनिटे पाहुणे काय बोलले ते मला कळले नाही. फटाके नकोत. तोफखान्यातल्या माणसाला बसवताना त्याचा कोणता कान बरा आहे हेही विचारून घ्यावे; आमच्यातल्या अनेकांना कमी ऐकू येते, आणि हाक मारूनही न वळलेल्या फौजीला लोक उगाच गर्विष्ठ ठरवतात. वीरमाता किंवा वीरपत्नीला बोलवायचे असेल तर त्यांना काय बोलायचे आहे हे त्यांनी ठरवावे, आणि काहीच बोलायचे नसेल तर शाल-श्रीफळ देऊन नुसते शेजारी बसावे.

कधीकधी बोलणे पुरत नाही. देवळालीचे नाव इंग्रजीत एका वेगळ्याच अर्थाने रुळले आहे : ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे सैनिक जहाज मिळेपर्यंत तेथल्या छावणीत थांबत, उकाड्याने, आजाराने आणि रिकामपणाने त्यातल्या काहींची डोकी फिरत, आणि त्यावरून ‘डुलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट असा शब्द पडला. त्याला पूर्वी ‘टॅप’ जोडत, तो आपला ताप. आपल्याच गावाने शब्द पुरवला असताना आपल्याला हा त्रास ओळखू येऊ नये, हे विचित्रच. आठवडेच्या आठवडे झोप नसणे, दारू वाढणे, मुलांवर विनाकारण खेकसणे असे दिसले तर त्याला ‘फौजीसारखा फौजी आणि हे काय?’ असे म्हणू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आणि निःशुल्क आहे, आणि सैन्यदलातील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्यात डिसेंबर २०२३ पासून आहे. निवृत्त माणूस ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये दाखवू शकतो. पहिल्या वेळी घरच्या कुणीतरी सोबत जावे.

निघण्याच्या दिवशी तर युद्धाचा विषय काढूच नये. आमच्याकडचे अनेक जण जम्मूला जाण्यासाठी मनमाडहून झेलम एक्सप्रेस पकडतात, आणि फलाटावर ‘तिकडं सांभाळून रे’ एवढे म्हणून झाले की कुणाला काय बोलावे ते सुचत नाही. माझे वडील तिथे छाटणीचा हिशेब काढायचे. एकरी किती मजूर, किती दिवस, रोज काय पडेल, असे ते मला विचारत राहायचे आणि मी बोटांवर मोजत राहायचो. गाडी सुटेपर्यंत तो हिशेब कधीच पुरा झाला नाही. उरलेला मी पत्रातून पाठवायचो.