उडी मारणाऱ्या कोळ्याचा फोटो कसा काढावा

घराच्या भिंतीवर माशीमागे दबकत जाणारा, शिकारीसाठी जाळं न विणणारा केसाळ छोटा कोळी तुम्ही पाहिला असेल. सुरुवात त्याच्यापासूनच करा, जंगल नंतर. हा दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात भिंत, कुंड्या, जास्वंदीची पानं वर-खाली निरखा.

दिसला की आधी नुसतं बघा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. त्याचे बाजूचे डोळे हालचाल टिपतात. मग तो गर्रकन वळून समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तुम्हाला न्याहाळतो. फिकट रंगाच्या कोळ्यांमध्ये एक नवल दिसतं. भिंगामागचा दृष्टिपटल आत हलत असल्याने डोळ्याचा रंग बदलत राहतो आणि नजर थेट तुमच्यावर आली की डोळा काळाभोर होतो. फोटो तेव्हा घ्या.

मोबाइलला क्लिपची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढण्याची लेन्स) चालते. कॅमेरा असेल तर 100 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, छिद्र (अॅपर्चर) एफ/8 ते एफ/11 आणि फ्लॅशसोबत शटर 1/200 सेकंद. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भागच स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यांवरच हवा. तो हाताने पक्का करा, मग श्वास रोखून स्वतः किंचित पुढे-मागे व्हा आणि सलग फोटो घ्या. कॅमेरा कोळ्याच्या पातळीला आणा; वरून काढलेल्या फोटोत चेहराच हरवतो. फ्लॅशपुढे पांढरा डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावाच, नाहीतर आरशासारख्या डोळ्यांत पांढरा ठिपका जळून दिसतो.

पोटाचं टोक पानाला टेकवलं, की उडी जवळ आली समजा: तो सुरक्षेचा धागा चिकटवत असतो. झेप मागच्या पायांतून येते. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढला की ते पाय झटक्यात सरळ होतात.

आंब्यावरच्या लाल मुंग्यांमध्येही नीट बघा. मुंगीचं रूप घेतलेला एक कोळी तिथे पुढचे पाय मिशांसारखे हलवत फिरतो. पाय मोजा, आठ भरतील.

ओळख पटवायची तर समोरून, बाजूने आणि वरून असे फोटो घ्या. जागा आणि तारीख लिहून ठेवा. शहरातल्या नोंदीही मोलाच्या असतात. 2021 साली वर्णन झालेली आयसियस तुकारामी ही प्रजाती ठाणे-कल्याण परिसरातलीच. तिला 26/11 च्या हल्ल्यातले शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं आहे.

कोळी स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. पानाच्या गुंडाळीत पांढरी रेशमी पिशवी दिसली तर उघडू नका. आत अंडी असू शकतात आणि मादी बहुतेकदा राखणीला असते.