चेन्नई ते कन्याकुमारी : समुद्र आणि देवळांचा प्रवास कसा आखावा

तमिळनाडूचा किनारा गाडीने बघायचा, तर नकाशा उघडण्याआधी तिथल्या देवळांच्या वेळा बघा. बहुतेक देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. पहिल्या खेपेला आम्हाला हे माहीत नव्हतं. चिदंबरमला साडेबाराला पोचलो आणि आईला घेऊन पाच वाजेपर्यंत गोपुराच्या सावलीत बसून राहिलो. त्यानंतर मी प्रत्येक दिवस असाच आखते: सकाळी देऊळ, दुपारी गाडी, संध्याकाळी पुन्हा देऊळ किंवा समुद्र. दुपारच्या चार तासांत थांबत-थांबत शंभर ते दीडशे किलोमीटर होतात. रोजचा टप्पा साधारण तेवढाच धरा.

आधी तारखा

आपला पाऊस संपला की तिकडे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, नोव्हेंबर-डिसेंबरात वादळंही येतात. जानेवारीच्या मध्यात पोंगलच्या सुट्ट्या असतात आणि तोपर्यंत कन्याकुमारीला शबरीमलाच्या भाविकांचीही गर्दी असते. म्हणून 20 जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. मात्र पंचांग बघून पौष अमावास्या टाळा, त्या दिवशी रामेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. तैपूसम या मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) उत्सवाला तिरुचेंदूरचीही तीच गत.

गाडी

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी नेली तर जाण्यायेण्यातच चार दिवस जातात. त्यापेक्षा रेल्वेने किंवा विमानाने चेन्नई गाठा आणि तिथे ड्रायव्हरसह गाडी घ्या. ती कन्याकुमारीला सोडणार असाल, तर रिकाम्या परतीचे पैसे आणि ड्रायव्हरचा रोजचा बाटा (भत्ता) आधीच ठरवून लिहून घ्या.

टप्पे

पहिला मुक्काम महाबलीपुरम, चेन्नईपासून जेमतेम 55-60 किलोमीटर. इथलं किनाऱ्यावरचं देऊळ आठव्या शतकातलं, पल्लव राजा राजसिंहाच्या काळातलं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे ते दुपारीही उघडं असतं, पण उजाडताच जा. दगड तेव्हा गार असतो आणि समोरून ऊन येतं. पाण्यात मात्र घोट्याच्या वर उतरू नका. इथला समुद्र लगेच खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते.

पुढे पुदुच्चेरी 95 किलोमीटर. तिथे एक रात्र पुरे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर 65 किलोमीटरवरचं चिदंबरम देवळाच्या सकाळच्या वेळेत गाठता येतं. नटराजाचं दर्शन झालं की दुपारी जवळच्या पिचावरमच्या खारफुटीत वल्ह्याच्या होडीतून फिरा. पुढच्या दिवशी तरंगंबाडीला डेन्मार्कच्या लोकांनी 1620 साली बांधलेला किल्ला अगदी पाण्याजवळ उभा आहे, तो बघून रस्ता आत वळवा.

आत म्हणजे तंजावरला. किनारा सोडावा लागतो, पण मराठी माणसाने हा फाटा चुकवू नये. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ बघायला सगळेच येतात. तुम्ही प्राकाराच्या भिंतीवरचा लेखही शोधा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरवून घेतला. घरापासून हजारभर किलोमीटरवर, चोळांच्या दगडावर आपली अक्षरं दिसली तेव्हा मला पुढे पाऊल टाकवेना. जुन्या हस्तलिखितांच्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी वेगळे दोन तास ठेवा.

तंजावर ते रामेश्वर हा सगळ्यात लांब पल्ला आहे, त्याला पूर्ण दिवस द्या. वाटेत मल्लिपट्टिनमजवळ मनोरा लागतो. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनीच तो समुद्रकाठी बांधला. या भागात रस्ता अरुंद आहे, शेळ्या आडव्या येतात आणि सुगीत भात रस्त्यावरच वाळत घातलेलं असतं. अंधार पडण्याआधी रामेश्वरच्या बेटावर नेणारा पांबनचा पूल ओलांडा.

रामेश्वर

इथे दोन रात्री हव्यातच. पहाटे पाचच्या सुमाराला स्फटिकलिंगाचं दर्शन कोरड्या कपड्यांत घ्या. मग अग्नितीर्थावर समुद्रस्नान, त्यानंतर देवळातली 22 कुंडं. प्रत्येक विहिरीवर बादलीने पाणी अंगावर ओततात. दगडी फरशी सतत ओली असते, म्हणून वयस्कर माणसाचा हात सोडू नका. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, तेव्हा कोरडा जोड सोबत असू द्या. मोबाइल खोलीवरच ठेवा, देवळांत त्याला बंदी आहे.

दुपारी धनुष्कोडीला जा. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळात हे गाव आणि प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडी समुद्राने नेली. चर्चच्या उरलेल्या भिंती आणि दोन्ही बाजूंचं पाणी बघताना बोलणं आपोआप थांबतं. संध्याकाळ व्हायच्या आत पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, त्यामुळे तीनपर्यंत निघा.

शेवटचा पल्ला

रामेश्वरहून कन्याकुमारी सुमारे 300 किलोमीटर. एका दमात करू नका, तिरुचेंदूरला मुक्काम करा. मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी समुद्रकाठचं हे एकच. दुसऱ्या दिवशीचे 90 किलोमीटर आरामात होतात. कन्याकुमारीच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, लुंगी किंवा धोतर असलं तर सोयीचं.

विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटीसाठी सकाळी लवकर रांग धरा. 1970 साली पुरं झालेलं हे स्मारक ज्यांच्या खटपटीने उभं राहिलं, ते एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातले. परतीला कन्याकुमारीहून पुण्याला थेट रेल्वे आहे, तिचं आरक्षण मात्र तारखा ठरल्या त्याच दिवशी करून टाका.