ब्रँडेड खेळणी कस्टम करून ऑनलाइन विकण्याआधीची तयारी

हॉट व्हील्सची गाडी विकत घ्यायची, तळाचा रिव्हेट ड्रिल करून बॉडी सुटी करायची, कंपनीचा रंग उतरवून नवा मारायचा, रबरी चाकं बसवायची आणि दारावर वाढदिवसाच्या मुलाचं नाव लिहायचं. बार्बीला नऊवारी नेसवायची. लेगोच्या छोट्या माणसावर नवरा-नवरीचे चेहरे छापायचे. ही कौशल्याची आणि मेहनतीची कामं आहेत. घरात बसून ती करणाऱ्यांचं सेलर अकाउंट ब्रँडच्या कंपनीच्या तक्रारीमुळे ऐन दिवाळीत बंद पडलं तर घराचा हिशेब कोलमडतो. म्हणून पुढची तयारी पहिलं लिस्टिंग टाकण्याआधीच करा.

सुरुवातीला कागदावर लिहून काढा की आपण नेमकं काय विकतोय. कंपनीचं सीलबंद खेळणं जसंच्या तसं पुन्हा विकणं ही एक गोष्ट. अस्सल खेळणं विकत घेऊन बदलून विकणं ही दुसरी. आणि स्वतः बनवलेल्या खेळण्यावर दुसऱ्याचं नाव किंवा पात्र लावणं ही तिसरी. तिसऱ्या प्रकारात लायसन्स नसेल तर पुढचं वाचूच नका, ते काम थांबवा. पहिल्या प्रकाराला आपल्या कायद्यात जागा आहे. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 30(3) नुसार एकदा रीतसर बाजारात आलेला अस्सल माल पुन्हा विकण्याला कंपनी सहसा हरकत घेऊ शकत नाही. सॅमसंगच्या प्रिंटरवरून झालेल्या कपिल वाधवा खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये बाहेरून आणलेल्या अस्सल मालालाही ही मुभा दिली. मात्र हा माल कंपनीने आयात केलेला नाही आणि त्याची वॉरंटी विक्रेत्याची आहे, हे दुकानात ठळक लिहायला लावलं.

गोची आहे ती दुसऱ्या प्रकारात, आणि आपल्यातले बहुतेक जण तिथेच आहेत. कलम 30(4) सांगतं की माल बाजारात आल्यावर त्याची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल, तर पुढच्या विक्रीला हरकत घ्यायला कंपनीकडे रास्त कारण असू शकतं. रंग, चाकं, चेहरा बदलणं म्हणजे स्थिती बदलणंच. ‘मी पैसे देऊन घेतलंय, माझ्याकडे बिल आहे’ हे म्हणणं खरं असलं तरी इथे पुरत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत MSCHF (उच्चार ‘मिसचिफ’) या कलाकारांच्या गटाने नाइकीचे अस्सल बूट घेतले, ते बदलले आणि 666 जोड विकायला काढले. नाइकीने खटला भरला आणि काही दिवसांतच समेट झाला. त्यात गटाला ते बूट मूळ किमतीला परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. बूट अस्सल होते हे कोणी नाकारलंच नव्हतं. वाद होता तो त्यांच्यावर केलेल्या बदलांचा.

मग एका खेळण्यावर किती जणांचे हक्क आहेत ते मोजा. हॉट व्हील्सच्या छोट्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाडीवर ती बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव असतं, हॉट व्हील्सचं ज्वाळांचं चिन्ह असतं आणि बरेचदा खऱ्या मोटार कंपनीचा लोगोही असतो. नाव तर तळाच्या ओतकामातच उठवलेलं असल्यामुळे रंग उतरवून ते जात नाही. आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध फुकट घेता येतो. खेळणी वर्ग 28 मध्ये येतात, तिथे आधी बघा. पण तिथे नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण नावाजलेल्या चिन्हाला कलम 29(4) खाली वेगळ्या वर्गातल्या मालाविरुद्धही संरक्षण मिळू शकतं. आकाराचंही तसंच. लेगोच्या विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून टिकत नाही, असं युरोपच्या न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं. पण त्याच लेगोच्या छोट्या माणसाची आकृती 2015 मध्ये तिथेच ट्रेडमार्क म्हणून टिकली. कार्टूनमधलं पात्र असेल तर कॉपीराइट वेगळा, तोही तपासा.

लिस्टिंगच्या शीर्षकावर वेळ घालवा. तक्रारी इथूनच सुरू होतात, आणि सुधारणं आपल्या हातात असलेली हीच सगळ्यात मोठी जागा आहे. आधी आपल्या दुकानाचं नाव, मग आपण केलेलं काम, आणि गरज असेल तरच शेवटी ब्रँडचं नाव, साध्या अक्षरांत. बाहुलीचे कपडे शिवत असाल तर ‘साडेअकरा इंची फॅशन डॉलसाठी नऊवारी’ एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. आपली वस्तू कशाला बसते हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव वापरायला कलम 30(2)(घ) मध्ये सवलत आहे, पण संबंध नसताना संबंध भासवला तर ती मिळत नाही. ‘ऑफिशियल’ आणि ‘ओरिजिनल’ हे शब्द काढून टाका. कंपनीच्या खोक्याचे किंवा संकेतस्थळावरचे फोटो वापरू नका, स्वतः काढा. दुकानाच्या नावात ब्रँडचं नाव गुंफू नका. स्क्रॅबल या शब्दखेळावरून आपल्या ऑनलाइन खेळाला ‘स्क्रॅब्युलस’ नाव दिलेल्या कोलकात्याच्या भावांना 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली होती.

ॲमेझॉनवर आपली कस्टम गाडी कंपनीच्या मूळ गाडीच्या पानाला कधीही जोडू नका. तिथे माल पानावरच्या वर्णनाशी तंतोतंत जुळावा लागतो. न जुळणारा माल पाठवला की ‘बनावट’ अशी तक्रार येते, आणि तो शब्द अकाउंटला चिकटला की पुसणं फार अवघड जातं. मूळ ब्लिस्टरमध्ये (कंपनीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनात) परत भरून, मूळ बारकोडसकट पाठवणंही टाळा. साधं खोकं, आत चिठ्ठी: ‘ही अस्सल गाडी आम्ही विकत घेऊन बदलली आहे. मूळ कंपनीचा या बदलांशी संबंध नाही, तिची हमी लागू नाही.’ हीच ओळ लिस्टिंगमध्येही वर टाका. ही ओळ म्हणजे कवच नव्हे. भेट मिळालेल्या मुलाला लोगो दिसतो, चिठ्ठी दिसत नाही. तरी तुमची दानत दाखवायला ती हवीच.

सुरक्षेचं मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण खेळणं शेवटी मुलाच्या तोंडात जातं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कंपनीच्या गाडीची चाचणी कंपनीच्या रंगावर झालेली असते, तुमच्या स्प्रेच्या डब्यावर नाही. ‘फक्त प्रौढ संग्राहकांसाठी’ असं लिहायचं असेल तर ते खरं असू द्या. खाली चार वर्षांच्या मुलाचं नाव टाकून देण्याची जाहिरात केली तर त्या ओळीला अर्थ उरत नाही.

कागदांची फाइल आजच सुरू करा. प्रत्येक खेळण्याचं जीएसटीचं पक्कं बिल ठेवा. क्रॉफर्ड मार्केटात घाऊक घेतलंत तरी मागा. बदलाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा. माल नकली निघाला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायला हाच आधार. खोटं चिन्ह लावण्याला कलम 103 खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे.

एट्सीवरून (हाताने बनवलेल्या वस्तू विकणारं अमेरिकी संकेतस्थळ) अमेरिकेत पाठवत असाल तर तिथला कायदाही लागतो. शिकागोच्या फेडरल न्यायालयात ब्रँड एकाच दाव्यात अनेक ऑनलाइन विक्रेत्यांना ओढतात आणि सुरुवातीलाच खात्यातले पैसे गोठवून घेतात. म्हणून मार्केटप्लेसच्या खात्यात पैसे साठू देऊ नका, नियमित बँकेत वळवा. तक्रार आली की लिस्टिंग उतरवा, पण दुसऱ्या अकाउंटवरून तेच परत टाकू नका. तक्रार ट्रेडमार्कची आहे की कॉपीराइटची ते वाचा. एट्सीवर प्रतिनोटीस, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं रीतसर उत्तर, कॉपीराइटच्या तक्रारीला देता येते. ट्रेडमार्कची तक्रार मागे घ्यायला तक्रारदारालाच गाठावं लागतं. दाव्याचे कागद आले तर त्याच दिवशी वकील गाठा.

याच्या जोडीला स्वतःच्या दुकानाच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणीही सुरू करा. व्यक्तीसाठी ऑनलाइन टीएम-ए अर्जाची (ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जाची) फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण.

आणि ज्यांना हे सगळं जड वाटतंय त्यांनी खेळणं विकणं सोडून काम विकावं. गिऱ्हाइकाने आपली गाडी पाठवायची, तुम्ही रंगवून परत करायची. यात धोका पूर्ण जात नाही, पण ब्रँडेड माल विकणारे तुम्ही राहत नाही. मग ऑर्डरच्या फॉर्मवर ‘वस्तू गिऱ्हाइकाच्या मालकीची’ असं लिहून घ्या, बिलावर फक्त रंगकामाची मजुरी लावा, आणि झालेल्या कामाचे फोटो टाकताना लोगो चौकटीबाहेर ठेवा.