बुरशीने रंग जाईल, मीठ जाणार नाही: नाल्याचं पाणी रब्बीला देण्याआधी ईसी तपासा

परतीचा पाऊस थांबला, नाले आटू लागले. पावसाळ्यात पुराबरोबर वाहून जाणारं रंगाईचं सांडपाणी आता थोड्या पाण्यात साचत जाईल, आणि नेमक्या याच दिवसांत हरभऱ्याच्या ओलवणीला मोटरी चालू होतात. खानदेशात ज्यांच्या शिवाराला असा नाला लागून आहे, त्यांनी सगळी कामं बाजूला ठेवून आधी पाण्याची ईसी, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता, तपासून घ्यावी. रंगाचं नंतर बघू.

नुकसान होतं ते एकाच चुकीने. बुरशी वाढवलेलं काड भरून रंग घालवायला ठेवलेल्या पिंपातून पाणी नितळ निघालं की ते सरळ चारीत सोडलं जातं. सुती कापडाच्या रंगाईत दर लिटर पाण्याला साधारण ४० ते ८० ग्रॅम मीठ पडतं, वर सोडा वेगळा. बुरशी रंग तोडते, मिठाला हात लावत नाही. काळ्या जमिनीत सोडियम गेला की माती विस्कटते, पाणी मुरेनासं होतं, रान चोपण होतं. केळीच्या पानांच्या कडा करपतात, हरभरा उगवतानाच बसतो.

ईसी ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत बहुतेक पिकांना चालते. ०.७५ ते २.२५ असेल तर निचऱ्याच्या रानातच, शक्यतो कापूस किंवा दादरला (रब्बी ज्वारी). २.२५ च्या वर मोटर बंद. हे झाले कागदावरचे आकडे. केळी, कांदा आणि हरभऱ्याला आमच्या अंदाजाने १ च्या वरचं पाणी देऊच नये. एसएआर (पाण्यातल्या सोडियमचं प्रमाण) १० च्या आत आणि आरएससी (उरलेला सोडा) १.२५ च्या आत हवं. ‘क्षार कापणाऱ्या’ महागड्या बाटल्यांवर पैसे घालू नका. सोडियमवर उतारा जिप्समचा, आणि तोही निचरा असेल तरच. जिप्समने ईसी उतरत नाही.

नमुना घेताना लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत द्या. नाला, पिंप आणि विहीर यांचे नमुने वेगवेगळे.

आता पिंप. हे घरगुती रंगाईच्या थोड्या पाण्यापुरतंच आहे. कारखान्याचं पाणी शुद्ध करणं ही १९७४ च्या जल कायद्याने कारखान्याचीच जबाबदारी. तसं होत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.

गव्हाचं १२ किलो कोरडं काड (पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, निघाल्यावर तिचे बोंडं काढलेले तुकडेही चालतील) ३ ते ५ सेंमी कापून रात्रभर भिजवा, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळवा. अळिंबी केंद्रांत काड निर्जंतुक करायला कार्बेन्डाझिम ७.५ ग्रॅम आणि फॉर्मेलिन १२५ मिली १०० लिटर पाण्यात वापरतात. इथे नको, अंश पाण्यात उतरतो. ढिंगरी अळिंबीचं (हीच ती बुरशी) १ किलो बियाणं मिसळून भोकं पाडलेल्या पिशव्यांत १५ ते २० दिवस ठेवा. पांढरं जाळं पूर्ण धरलं की २०० लिटरच्या पिंपात तळाला १५ सेंमी विटांचे तुकडे आणि वर हे काड भरा.

रंगाईच्या पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. ठिबक धुण्याचं आम्ल थेंबाथेंबाने टाकून तो ५ ते ६ वर आणा. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ब्लीचिंगचा वास असेल तर दोन दिवस उन्हात ठेवा. पहिल्या वेळी चौपट साध्या पाण्यात मिसळून ४० लिटर ओता, २४ तासांनी तोटी उघडा, मग १२ तास पिंप रिकामं ठेवा. बुरशीला हवा लागते. हवा कोंडली की बुरशी मरते, जिवाणू माजतात. तेही रंग घालवतात, पण मागे अमाइन नावाची विषारी द्रव्यं ठेवतात, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून पिंपाला कुजका वास आला तर नितळ पाणीसुद्धा शेतात नको.

काड निळं-लाल झालं आणि चार दिवसांत फिकं पडलं नाही, तर रंग नुसता चिकटलाय, तुटत नाहीये. हिरवी बुरशी दिसली की भरणं बदला. दुकानदार पिंपात टाकायला ट्रायकोडर्मा देईल. ती हीच हिरवी बुरशी, ढिंगरीला खाते. या पिंपावरची अळिंबी खाऊ नये. वापरलेलं काड गोठ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, त्यात रंगांतलं तांबं-क्रोमियम असू शकतं. रंगाई करणाऱ्याकडेच परत द्या.

इतर कामं:
- हरभरा बियाणं: ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो, नंतर रायझोबियम २५० ग्रॅम प्रति १० किलो
- कापूस: फरदड (वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखणं) नको
- केळी: करपलेली पानं कापून बागेबाहेर
- ईसी: दर १५ दिवसांनी पुन्हा, नाला आटेल तसा आकडा चढतो