आंदालुसियाची बोली आणि म्हणी: रील बघून तोंड उघडण्याआधी या चुका टाळा

स्पॅनिशचं बी-वन, म्हणजे मधली पातळी, झालं की लोकांना दोन गोष्टींची घाई होते. एक म्हणजे सीव्हीत 'फ्लुएंट' लिहायची, आणि दुसरी म्हणजे आंदालुसियातल्या लोकांसारखं बोलायची. पहिलीबद्दल मी काही बोलत नाही, कंपनीवाले बघून घेतील. पण दुसरीमुळे होणारे घोळ निस्तरायला मुलं माझ्याकडेच येतात, आणि दर वर्षी घोळ तेच, फक्त मुलं नवी. म्हणून एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवेन आणि गप्प बसेन.

सगळं आंदालुसिया एकच समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया, त्यात आठ प्रांत: वेल्वा, सेबिया (आपण ज्याला सेव्हिल म्हणतो ते), कादिस, कोर्दोबा, मालागा, खाएन, ग्रनादा, आल्मेरिया. आकाराने जवळजवळ पोर्तुगालएवढा प्रदेश. आणि लोक 'आंदालुसियातले दहा भारी शब्द' अशी एक रील बघतात, त्यात कादिसचा एक, ग्रनादाचा एक, सेबियाचे चार, सगळं एका पातेल्यात, आणि मग ते कुठेही वाढत सुटतात.

'पिशा' घ्या. कादिसमध्ये मित्राला हाक मारायची तर 'पिशा'. मासळीवाला म्हणतो, बारवाला म्हणतो, आजोबा नातवाला म्हणतात. मुळात ते पुरुषाच्या अवयवाचं नाव आहे हे तिथे कुणाच्या डोक्यातही नसतं, शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. पण तो कादिसचा आहे, आणि सलगीतला आहे.

माझ्या ओळखीचा एक कोल्हापूरचा मुलगा, एक सेमिस्टर कादिसला काढून पुढे ग्रनादाला गेला. रेसिडेन्स कार्डाचं काम होतं, अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती, अखेर मिळाली, आणि हा खिडकीपाशी जाऊन पन्नाशीच्या साहेबांना म्हणतो, "के पासा, पिशा!" म्हणजे 'काय चाललंय रे' अधिक तो शब्द. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, एक अक्षर बोलले नाहीत, आणि मग त्याचा एकेक कागद असा वाचला की जणू जमिनीचा फेरफार चाललाय. एक झेरॉक्स कमी निघाली (ती खरंच कमी होती, हे त्यानेच नंतर कबूल केलं), पण एरवी "जा, खालून काढून आण" म्हणाले असते तिथे थेट नवी तारीख. नागपूरहून नुकतंच मराठी शिकून आलेल्या कुणी पुण्यातल्या बँकेत मॅनेजरला "काय बे" म्हणावं, तसला प्रकार.

उपाय म्हणाल तर माझी साधी सवय आहे. ऐकलेल्या शब्दापुढे मी गावाचं नाव लिहिते आणि कोण कुणाला म्हणालं ते लिहिते. तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरत नाही. रील म्हणजे माणूस नव्हे, ती धरायची नाही. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी 'ओला, ब्वेनोस दीआस' म्हणावं, त्यावर कुणीही चिडत नाही.

'मालाफोया' ऐकून लाजणं किंवा भांडणं

त्या मुलाने मला नंतर विचारलं, "तो माणूस माझ्यावर एवढा का चिडला?" थोडा चिडला असेलही, पण निम्मं श्रेय ग्रनादाला द्यायला हवं. तिथल्या लोकांचा एक कोरडा, तुसडा, तोंडावर माशी न हलवता बोलायचा बाणा आहे, त्याला म्हणतात 'मालाफोया'. त्यात 'फोयार' हे क्रियापद ऐकू येतं आणि त्याचा आजचा अर्थ शय्यागृहातला असल्यामुळे नवशिके लाल होतात. पण त्याच क्रियापदाचा जुना अर्थ भात्याने वारा घालणं. लोहाराच्या भट्टीवर भाता नीट न हाणणाऱ्या पोराला 'याची फोया वाईट' म्हणायचे, अशी कथा तिथे सांगतात. खरी असेल नसेल, ऐकायला झकास आहे.

ग्रनादाचे लोक स्वतःबद्दल हा शब्द जवळजवळ मिरवतात. पण बाहेरच्याने त्यांना तोंडावर म्हणू नये. कॉफी आपटून ठेवली, हसला नाही, 'अजून काय?' असं खेकसला, तर समजायचं सगळं ठीक चाललंय.

'नो नी ना' म्हणजे नकार समजणं

तीन नकार एका रांगेत: नाही, नाही, काही नाही. वाटतं की याहून ठाम नकार काय असणार! आणि अर्थ असतो 'हो म्हणजे काय, अगदी हो!'

नाशिकची एक मुलगी सेबियात भाड्याने राहत होती. जुलै महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि खोलीतला एसी बंद पडलेला. घरमालकिणीने मेकॅनिक पाठवला, त्याने बघितलं, पार्ट लागेल म्हणाला. हिने विचारलं, उद्या येणं जमेल का? तो टूलबॉक्स बंद करत म्हणाला, "नो नी नाऽऽ!" हिने मान डोलावली, मनात म्हणाली, आता उद्या काही येत नाही हा, मग घरात उकडत कशाला बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून माटालास्कान्यासच्या बीचवर गेली. मेकॅनिक नऊला पार्ट घेऊन दारात. बेल वाजवली, फोन केला, हिचा फोन बॅगेत आणि ही पाण्यात. मालकिणीने व्हिजिटचे पैसे हिच्याकडून घेतले. मेकॅनिकची पुढची मोकळी वेळ निघाली ऑगस्टमध्ये, आणि ऑगस्टमध्ये सेबिया म्हणजे अर्धं शहर शटर पाडून समुद्रावर गेलेलं, त्यामुळे तीही पुढे ढकलली गेली. त्या उन्हाळ्यात ती बिचारी ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपली.

मला राग याचा येतो की हे मराठी माणसाला तरी कळायला हवं. "जेवण आवडलं का?" "नाहीतर काय!" यात 'नाही' आहे म्हणून आपण ताट उचलतो का? सूर ऐकायचा. 'ना' लांबवला, भुवया वर गेल्या, तर ते हो आहे. तरी शंका वाटली तर सरळ विचारा, "एंतोन्सेस, सी?" मग हो ना? यात कमीपणा कसला? पण नाही, समजल्याचा आव आणायचा आणि नंतर मला व्हॉइस नोट पाठवायची.

'स' गिळला की आंदालुसियन झालो, हा समज

झालो नाही, फक्त अनेकवचन गेलं. पश्चिमेकडे, म्हणजे सेबिया-कादिसकडे, शब्दाच्या शेवटचा 'स' बऱ्याचदा हलक्या 'ह'सारखा होतो. पूर्वेकडे, ग्रनादाच्या बाजूला, तो जातो पण जाताना मागचा स्वर उघडा करून जातो, म्हणून 'ला निन्या' (मुलगी) आणि 'लास निन्यास' (मुली) यातला फरक त्यांना स्वरावरून कळतो. आपला उत्साही विद्यार्थी नुसता 'स' खातो, स्वर तसाच ठेवतो, आणि चार मुलींची एक मुलगी करून टाकतो. आधी सगळी अक्षरं नीट बोला. तिथे राहिलात तर आपोआप गळतील, गळू द्या.

याच्या उलट टोकाचे लोक त्याहून डोकं उठवतात. दिल्ली-मुंबईत माद्रिदचे उच्चार शिकलेले, सेबियात उतरल्या उतरल्या म्हणतात, इथले लोक अशुद्ध बोलतात. अहो, कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिशच, भाषेचं पहिलं छापील व्याकरण 1492 साली ज्याने लिहिलं तो नेब्रिखा सेबिया प्रांतातल्या लेब्रिखा गावचा! स्पेनच्या अमेरिका खंडांशी होणाऱ्या व्यापाराचं मुख्य ऑफिस 1503 पासून सेबियात होतं, 1717 मध्ये कादिसला हललं, जहाजं इथूनच सुटायची. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत माद्रिदसारखे 'स' आणि 'थ' वेगळे काढत नाहीत, त्यात इथल्या बोलीचा मोठा वाटा आहे. अशुद्ध म्हणे.

म्हणी रट्टा मारून निबंधात कोंबणं

डेले, म्हणजे स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या लेखी पेपरात चार म्हणी घुसवल्या की मार्क वाढतात, असं कुणीतरी पसरवलंय. वाढत नाहीत. चुकीच्या जागी पडलेली म्हण लगेच दिसते, आणि या म्हणींच्या जागा अगदी ठरलेल्या आहेत.

'इर्से पोर लोस सेर्रोस दे उबेदा', उबेदाच्या (खाएन प्रांतातलं गाव) डोंगरांतून जाणं. याचा ट्रेकशी संबंध नाही. बोलता बोलता विषय सोडून भरकटणं म्हणजे हे. तेराव्या शतकात तिसऱ्या फेर्नांदो राजाचा एक सरदार लढाईला उशिरा उगवला आणि 'उबेदाच्या डोंगरांत वाट चुकलो' म्हणाला, अशी दंतकथा. एका मुलीने 'माझी सुट्टी' या निबंधात ही म्हण घातली होती, आणि गंमत म्हणजे ती खरंच उबेदाला गेली होती. आता काय बोलणार!

'साल्गा एल सोल पोर आन्तेकेरा', सूर्य आन्तेकेराकडून (मालागा प्रांतातलं गाव) उगवो. म्हणजे काय व्हायचं ते होवो, आपण हे करणारच. कथा ग्रनादाच्या वेढ्याशी जोडतात, आणि तिथून आन्तेकेरा पश्चिमेला आहे, तेव्हा सूर्य तिकडून उगवायचा प्रश्नच नाही. नकाशा उघडून एकदा बघा, म्हण आयुष्यभर विसरणार नाही. मी सगळ्या गाववाल्या म्हणी अशाच शिकवते, नकाशा समोर ठेवून, आणि मुलं कंटाळतात कारण त्यांना पीडीएफ हवी असते.

'क्येन फ्वे आ सेबिया, पेर्दियो सु सिया', जो सेबियाला गेला त्याची खुर्ची गेली. कुणी उठलं की त्याची जागा पटकावताना म्हणतात. मागची गोष्ट उलटी आहे: पंधराव्या शतकात आलोन्सो दे फोन्सेका नावाचे काका-पुतणे, दोघेही आर्चबिशप, म्हणजे चर्चचे मोठे धर्माधिकारी. पुतण्याच्या वाट्याला आलेल्या, स्पेनच्या वायव्येतल्या सान्तियागोत गडबड होती, ती निस्तरायला सेबियाचा काका तिकडे गेला, जाताना गादी पुतण्याकडे सोपवली, आणि परत आला तर पुतण्या उठेचना. म्हणजे खुर्ची गेली ती सेबिया *सोडून* गेलेल्याची. काका-पुतण्या म्हटल्यावर मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. पण हे ज्ञान बारमध्ये पाजळून लोकांची म्हण दुरुस्त करत बसू नका, ते 'फ्वे आ' असंच म्हणणार.

आणि मोरोनचा कोंबडा. सेबिया प्रांतातलं मोरोन दे ला फ्रोन्तेरा, तिथला हा कोंबडा 'पिसं गेली तरी आरवतोय'. सगळं गमावून तोरा तसाच. आपलं सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कथेतला कोंबडा म्हणजे गावावर रुबाब करायला आलेला एक अधिकारी, त्याला गावकऱ्यांनी कपडे उतरवून चोपला म्हणे. ही म्हण माणसाच्या पाठीमागे वापरतात, समोर नाही.

बाकी किरकोळ

'मि आर्मा' म्हणजे 'माझं शस्त्र' नाही. ते 'मि आल्मा', माझ्या जिवा, आणि सेबियात भाजीवालीसुद्धा म्हणते, ती प्रेमात पडलेली नाही.

'मे दा फातीगा' म्हटलं की लगेच खुर्ची पुढे करू नका. दमलेत असं नाही, संकोच वाटतोय असंही असतं, कधी मळमळतंय असंही.

पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जो नवीन काही घालत नाही त्याला हात नाहीत, अशी म्हण आहे. धमकी नाही ती. नवे मोजे घातले तरी चालतात.

सेबिया-कादिसकडे 'उस्तेदेस बाइस' ऐकाल, आदरार्थी सर्वनाम आणि दोस्तीतलं क्रियापद. ऐका, एन्जॉय करा, पेपरात लिहू नका.

'बिबा एर बेतिस मांके प्येर्दा', बेतिस (सेबियाचा फुटबॉल क्लब) हरली तरी जिंदाबाद. हे ओरडण्याआधी आजूबाजूला त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी सेबिया एफसीवाले बसलेत का बघा.

मालागात कॉफीला दुधाच्या प्रमाणावरून वेगवेगळी नावं आहेत, 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, 'नुबे' म्हणजे ढग, त्यात दूधच दूध आणि नावाला कॉफी. हे मालागात मागायचं. ग्रनादात ढग मागितलात तर वेटर काय म्हणेल ते वर लिहिलंच आहे.