दुरावलेला जोडीदार जवळ आणायचाय? या चुका टाळा

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातातच. मध्यंतरी आम्हा नवरा-बायकोचं बोलणंही तसंच झालं होतं. "पाणी आलंय, मोटर लावा." "सिलिंडर संपला." भांडण नाही, तंटा नाही, नुसतं एका छपराखाली राहणं. लग्नाला एकवीस वर्षं झालेली. हे सुधारायला निघालो आणि आधी सगळं चुकीचंच केलं.

पहिली चूक सहलीची. महाबळेश्वरला गेलो, पॉइंटवर फोटो काढले आणि खोलीवर येऊन दोघंही मोबाइलमध्ये. मिळून काही नवं केलं की जवळीक वाढते, हे खरंय. आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जोडप्यांचे हातपाय एकमेकांना बांधले आणि एक लोड हात न लावता सोबत नेत गादीवरून रांगायला लावलं. पण तो खेळ होता सात मिनिटांचा. हॉटेलचं बुकिंग लागलं नव्हतं त्याला!

दुसरी, रात्री अकराला दिवा मालवता मालवता "आपल्याला बोलायचंय" म्हणणं. दिवसभर दमलेल्या माणसाला ते समन्स वाटतं. आवाज चढलाच तर तिथंच थांबा. छाती धडधडत असताना समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही, किमान वीस मिनिटं जाऊ द्यावीत, असं जॉन गॉटमन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात. मात्र "थोड्या वेळानं बोलू" म्हणून उठलात तर परत या. मी उठून थेट पानाच्या टपरीवर जायचो.

मेहुणीला मध्ये घालणं ही तिसरी. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

सगळ्यात महागात पडली ती चूक मला चूक वाटतच नव्हती. बायको शेंगाची चटणी कुटत होती. म्हणाली, "या खेपेला शेंगा गोड निघाल्यात बघा." मी पेपरातून "हं" केलं. वाटलं, शेंगांची तर गोष्ट. पण ती हाक होती. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा बारीक हाका मोजल्या. सहा वर्षांनी एकत्र असलेल्यांनी शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, घटस्फोट झालेल्यांनी ३३. पुढच्या खेपेला मी उठून खलबत्त्यातली चिमूट तोंडात टाकली आणि म्हणालो, "तिखट कमी पडलंय." वाद झाला. पण किती दिवसांनी मोटर सोडून दुसऱ्या कशावर तरी झाला!

एवढं करूनही समोरून काहीच येत नसेल तर? आमच्याकडे पहिले पंधरा दिवस संशयच होता. "पैसे बुडवलेत का कुठं?" असं तिनं सरळ विचारलं. अशा वेळी "मी एवढं करतोय आणि तू..." हे वाक्य गिळा. वर्षानुवर्षांचा दुरावा असेल तर पंधरवडा म्हणजे काहीच नाही. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र यातलं काही करत बसू नका. आधी स्वतःची सुरक्षितता बघा, माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

परवा पाणी आलं. मोटर लावून मी आत वळलो, तर पायरीवरून ती म्हणाली, "टाकी भरेपर्यंत बसा की इथं." बसलो. टाकी वाहायला लागली, ते समोरच्या मावशींनी ओरडून सांगितलं.